गाडी पुढं, म्हैस मागं

मेस्त्रीनं लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी शेजारी उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते, दवाखान्यात पेशंटची माणसं डॉक्टरकडं बघतात तशी.

"बेरिंग गेलंय मॅडम," तो म्हणाला. "पिस्टनपण ढिला झालाय. पंधरा मिनिटं चालंल, लई तर वीस. त्याच्याफुडं जागेवर धरंल."

"आणि कोल्हापूर?"

"कोल्हापूर सोडा. ही तुम्हाला गडहिंग्लजबी दाखवायची न्हाय."

"उघडलं तर?"

"चार दिसांत नवं करून देतो. बोअर मारतो, नवा पिस्टन टाकतो. असा मऊ आवाज ईल की शेजाऱ्याला कळायचं न्हाय गाडी चालू हाय का बंद."

नेमकं तेच मला नको होतं. मी म्हटलं, "उघडू नका. आवाजाला हात लावू नका." मेस्त्रीनं पेचकस खाली ठेवला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की यांना पोरं शिकवायला कुणी ठेवलं असेल.

मी आजऱ्याला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माझं गाव कोल्हापूर आणि हातकणंगल्याच्या मधलं. आमचं घर दुधाचं. ही मोटारसायकल वडिलांची, म्हणजे आबांची. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी तिची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "एस्टीच्या भरवशावर राहू नको. पण दर रविवारी गाडी घेऊन यायचं. म्हशीला आवाज विसरू द्यायचा न्हाय."

कोल्हापूरकडच्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. बाकीच्यांसाठी सांगते. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. म्हशीला घासून तेल लावायचं, शिंगं रंगवायची, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांचा पट्टा, पायात चाळ. मग मालकानं मोटारसायकल चालू करायची आणि म्हैस मोकळी सोडायची. ती मालकाच्या गाडीमागं पळते. मैदानात कितीही गाड्या फुरफुरत असल्या तरी तिला तिचा आवाज कळतो, कारण रेडकू असल्यापासून तिनं तो ऐकलेला असतो. आमची म्हैस लहान असताना आबा याच गाडीला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून निघायचे आणि ही वेशीपर्यंत मागं पळत यायची. त्या इंजिनाच्या धडधडीत मधेच एक ठोका चुकतो. मेस्त्रीच्या दृष्टीनं तो दोष. म्हशीच्या दृष्टीनं ती ओळख.

आमच्या गावात पाडव्याला पहिली सुटते ती आमच्या घरची म्हैस. हा मान आज्यापासूनचा. तेव्हा गाडी नव्हती. आजा सायकलची घंटी वाजवत पुढं जायचा. मानाची अट एकच. एका पाडव्याला जरी त्या घरची म्हैस सुटली नाही तरी मान पुढच्या घराला जातो. आणि गेलेला मान परत येत नाही.

त्या वर्षी श्रावणात आबा गोठ्यात घसरले. खुबा मोडला, आत पट्टी घातली, वॉकर आला. पाडव्याला गाडीवर ते बसणार नाहीत हे सगळ्यांना कळलं. चुलतभावानं आपली नवी गाडी आणून दोन संध्याकाळी म्हशीपुढं फिरवली. म्हैस त्याच्याकडं बघून रवंथ करत खाली बसली.

मग गावातल्या थोरल्या पंचांचा फोन आला. नात्यानं लांबचे, मी त्यांना तात्या म्हणते.

"मास्तरीण, आबा पडल्यात. घरात दुसरा गडी न्हाय. औंदा राहू दे. फुडचं घर म्हस सोडतंय."

"मी हाय की तात्या."

त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग ते हसले. "बाईमाणसानं म्हस पळवायची पद्धत न्हाय बाय. तू आपली पोरं शिकव."

"फुडच्या घराला सांगितलं का तुम्ही?"

"सांगाय कशाला लागतंय? त्यांनी फेटा आणून ठेवलाय."

त्या फेट्यानं माझं डोकं फिरलं. आबा घरात कॉटवर आहेत, म्हैस गोठ्यात आहे, मी जिवंत आहे, आणि आमच्या मानाचा फेटा दुसऱ्याच्या कपाटात घडी घालून ठेवलेला आहे. मी तात्यांना म्हटलं, "त्यांना म्हणावं जपून ठेवा. लग्नात उपयोगी पडंल." आणि फोन ठेवला.

एरवी मी असं बोलत नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. जे मिळालं त्याचे उपकार मानत आणि मान खाली घालत मी शिकले. हातकणंगल्याच्या शाळेत मी याच गाडीवरून जायचे, पुढं आबा, दोन्ही बाजूंना किटल्या आणि मधे मी. दप्तराला दुधाचा वास यायचा. मुली म्हणायच्या, सरका, डेअरी आली. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी एकदा ते ऐकलं आणि मला पहिल्या बाकावर बसवलं, ती मी दहावीपर्यंत तिथंच बसले. पदवीचा कागद घरी आणला तेव्हा आबांना त्यावरचं इंग्रजी वाचता येईना. त्यांनी कोपऱ्यातला उठावदार शिक्का अंगठ्यानं बराच वेळ चाचपला. मग म्हणाले, "पक्का हाय." त्या माणसानं आयुष्यात मला एकच अट घातली होती, दर रविवारची, आणि ती मी पावसापाण्यात पाळली होती. आता पंधरा मिनिटांच्या इंजिनापायी मी ती सोडणार नव्हते.

प्रश्न साधा होता. गाडी चालवत नेता येत नाही. दुरुस्त करून नेली तर म्हैस ओळखणार नाही. म्हणजे गाडी आहे तशी, आजारी, न्यायची.

माझ्या खोलीच्या मालकांचा शेजारी पिकअप चालवतो. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ कोल्हापूरला पोचवणं हे त्याचं काम. चौथी शिकलेला, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणते. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्याची दिवाळीची शेवटची खेप होती. त्याची बायको आणि पोरं आधीच शिरोळला माहेरी गेली होती, तांदूळ उतरवून पाडव्याला तो तिकडं जाणार होता.

"हौद्यात जागा न्हाय मॅडम. तांदूळ टपापर्यंत हाय," तो म्हणाला. मग डोकं खाजवून म्हणाला, "मेव्हण्याचा ट्रेलर जोडू या का?"

मेव्हण्याचा मांडवाचा धंदा. लग्नात जनरेटर ओढायला त्यानं दोन चाकांचा छोटा ट्रेलर बनवून घेतला होता, कडेला गुडघ्याएवढा लोखंडी कठडा. लग्नं अजून सुरू व्हायची होती. जनरेटर उतरवला, ट्रेलर पिकअपच्या मागच्या हुकाला जोडला आणि फळी लावून आम्ही गाडी वर चढवली.

आता चूक सांगते. ती माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

मी लहानपणापासून टेम्पोत म्हशी चढवलेल्या आहेत. म्हैस उभ्यानं प्रवास करते. वळणावर तिला पाय सरकवून तोल धरावा लागतो. आवळून बांधली तर ती घाबरते, धडपडते, गुडघा फोडून घेते. म्हणून तोंड पुढच्या बाजूला करायचं, खाली पाचट टाकायचं आणि कासऱ्याला हातभर ढील ठेवायची. हे मला अक्षरओळखीच्या आधी येत होतं. तर मी ट्रेलरमध्ये भाताची पिंजर पसरली, गाडी तिच्यावर मेन स्टँडला उभी केली आणि हँडलच्या दोन्ही बाजूंनी कासरे बांधले. हातभर ढील ठेवून.

दादा बघत होता. "मॅडम, चुकालंय. स्टँड काढायचा. गाडी चाकावर उभी करायची, हँडल खाली दाबायचं, शॉकप निम्मा बसला की आवळायचं. हलली न्हाय पायजे."

"दादा, तुम्ही तांदळाची पोती बांधता. जनावर मी बांधते."

"ही जनावर हाय व्हय?"

"हाय," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्यानं एकदा कासरा हलवून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि गाडीत जाऊन बसला.

गडहिंग्लजपर्यंत सगळं ठीक होतं. संकेश्वरला हायवेला लागलो. मी खिडकीतून मान बाहेर काढून सारखी मागं बघत होते. गाडी डुलत होती आणि मला ते डुलणं बरं वाटत होतं. मला वाटत होतं, ती तोल सांभाळते आहे. तवंदी घाटाच्या उतारावर दुसऱ्या वळणाला मागून कुणीतरी धरून ओढावं तसा हिसका बसला. दादानं पिकअप कडेला घेतली.

गाडी स्टँडवरून उडून आडवी झाली होती. एका कासऱ्याला लोंबकळत, पुढचं चाक कठड्याबाहेर, आणि पेट्रोल पिंजरीवर गळत होतं. क्लचची मूठ तुटलेली, हँडल वाकडं, पुढचा फोर्क पिळलेला. चहाच्या टपरीवरचे दोघं कानडीत काहीतरी म्हणत धावत आले. चौघांनी मिळून ती सरळ केली.

मी अकरावीच्या पोरांना स्प्रिंगचा धडा दरवर्षी शिकवते. दाबलेली स्प्रिंग कशी परत ताणते, म्हणून दोर सैल कसा पडत नाही, हे मी फळ्यावर बाण काढून सांगू शकले असते. गाडीला पाय सरकवता येत नाहीत, हे मात्र मला घाटात कळलं.

दादा एवढंच म्हणाला, "आता मी बांधू?"

"बांधा," मी म्हटलं. "आणि माझं चुकलं."

"चुकलं न्हाय मॅडम. म्हस असती तर बरोबर होतं."

त्यानं पिंजर सगळी काढून टाकली. स्टँड वर केला. पुढचं चाक कठड्याला टेकवलं आणि चाकापुढं दगड ठोकून बसवले. मग वाकड्या हँडलवर छाती टेकवून सगळं वजन दिलं, आणि मी दोन्ही बाजूंनी दोर आवळले. गाडी ट्रेलरमध्ये अशी बसली की टपरीवाल्यानं धक्का देऊन बघितला तर ट्रेलर हलला, गाडी हलली नाही.

मला एकच गोष्ट बघायची होती. मी कठड्यावर पाय देऊन ट्रेलरमध्ये चढले, गाडी न्यूट्रल आहे याची खात्री केली आणि किक मारली. तिसऱ्या किकला नाही, सातव्या किकला नाही. दादा म्हणाला, पेट्रोल चढलंय, थांबा जरा. थांबले. मग मारली आणि ती धडधडली. तोच आवाज. मधला ठोका चुकवणारा. मी लगेच बंद केली. पंधरा मिनिटांतलं अर्धं मिनिट गेलं होतं.

"आवाज तर हाय," दादा म्हणाला.

"आवाज हाय, पण चालवायची कशी?"

कोल्हापुरात बाजारात तांदूळ उतरवला आणि ओळखीच्या गॅरेजांत विचारत फिरलो. लक्ष्मीपूजन. कुठं हत्यारांना झेंडू घातले होते, कुठं कुलपं लागली होती. एक म्हातारे मेस्त्री पूजेचं ताट बाजूला ठेवून बाहेर आले, फोर्कवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्याला लेथवर न्यावं लागतंय. भाऊबीजेनंतर या. आणि तोवर हिच्यावर बसू नका, दात पाडून घ्याल."

दुपार कलताना आम्ही गावात शिरलो. वेशीपासून लोकांनी बघायला सुरुवात केली. वाकड्या हँडलची गाडी ट्रेलरवर बांधलेली आणि पुढं बसलेली मी. पारावरून एकजण ओरडला, "मास्तरीण, गाडीला सलाईन लावायचं का?" दुसरा म्हणाला, "भंगारवाला पल्याडच्या गल्लीत आलाय, चुकलासा."

आबा अंगणात कॉटवर बसले होते. मी त्यांच्यासमोर गेले आणि घाट, कासरा, ढील सगळं सांगितलं. त्यांनी मधे विचारलं, "पाचट टाकलंतं?"

"पिंजर."

"ढील किती?"

"हातभर."

आबांच्या मिशा हलल्या. "मी असतो तर दीड हात ठेवली असती," ते म्हणाले. त्या दिवसात मी पहिल्यांदा हसले.

मग म्हणाले, "चालू करून दाव एकदा. ऐकू तरी दे."

मी ट्रेलरमध्ये चढले. दुसऱ्या किकला इंजिन बोललं.

गोठ्यात आधी दाव्याचा खडखडाट झाला. मग खुंटा उपटल्याचा आवाज. म्हैस दाव्यासकट, खुंट्यासकट अंगणात आली. तिनं आबांकडं बघितलं नाही, वैरणीकडं बघितलं नाही. सरळ येऊन ट्रेलरच्या मागं उभी राहिली आणि कठड्यावर नाक टेकवलं. खुंटा तिच्या गळ्यात लोंबत होता. रस्त्यात दुसरी गाडी आली म्हणून दादानं पिकअप जरा पुढं घेतली. म्हैसही पुढं आली. तो आणखी वीस पावलं गेला. तीही गेली, झपझप.

मी चटकन इंजिन बंद केलं. एक मिनिट गेलं होतं आणि त्या एका मिनिटात मला सगळं दिसलं. मी मागं वळून आबांकडं बघितलं. त्यांनाही दिसलं होतं.

"गाडी उतरवू नको," आबा म्हणाले.

दादानं खिडकीतून डोकं काढलं. "म्हंजे मी उद्या सकाळी हितंच व्हय?"

"तुम्हाला शिरोळला जायचंय," मी म्हटलं.

त्यानं बायकोला फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "व्हय. व्हय. न्हाय, दारू कशाला पिऊ. अगं म्हस ओढायची हाय. म्हस न्हाय, गाडी ओढायची हाय, म्हस आपली आपण येतीया. दुपारी ओवाळ की. निरांजन काय पळून जातंय?" फोन ठेवून म्हणाला, "जमलं."

पाडव्याच्या सकाळी माळावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या, एक सुटायची आणि एक पोचायची. गाव जमलं होतं. बाकीच्या घरांच्या म्हशी सजून उभ्या, गाड्या गुरगुरत होत्या. आमची पिकअप ट्रेलरसह आत आली तेव्हा हसण्याची एक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मागून आई म्हशीला धरून चालत येत होती. आबांना शेजाऱ्यानं रिक्षातून आणलं होतं, ते रिक्षातच बसून राहिले.

थोरले पंच पुढं आले. त्यांच्याशेजारी पुढच्या घराचा कर्ता माणूस, डोक्याला फेटा बांधून तयार.

"हे काय आणि?" तात्या म्हणाले.

"आमची गाडी."

"गाडी चालवत आणायची असती. ट्रॅक्टरवर घालून न्हाय."

"ट्रॅक्टर न्हाय तात्या, पिकअप हाय. आणि ट्रेलर."

"त्येच ते. आज ट्रेलरवर आणलीस, उद्या मोबाईलवर आवाज लावून म्हस पळवशील."

"लावून बघा की. पळाली तर मान त्यांचा," मी फेट्याकडं बोट केलं.

गर्दीतल्या एकानं खरंच मोबाईलवर कुठल्या तरी गाडीचा आवाज लावला आणि म्हशीच्या कानाजवळ धरला. म्हशीनं शेपटीनं माशी मारली. लोक हसले, पण या वेळी आमच्यावर नव्हे.

मी ठरवलं होतं की आज आवाज खाली घ्यायचा नाही. "तात्या, नियम किती?" मी विचारलं.

"तीन," ते म्हणाले. गावातलं कुणीही सांगेल असा प्रश्न होता.

"गाडी फुडं. हाय का?"

"हाय."

"म्हस मागं. हाय का?"

"हाय, पण..."

"मधी दोरी न्हाय. दोरी गाडीला हाय, म्हशीला न्हाय. चौथा नियम असंल तर सांगा. आत्ता ऐकते."

तात्यांनी इकडंतिकडं बघितलं. चौथा नियम त्यांच्या ओठांवर होता आणि तो माझ्या तोंडावर, सगळ्या बायकांसमोर उच्चारायला त्यांना जड जात होतं. फोनवर सोपं होतं. शेवटी त्यांनी रिक्षाकडं तोंड केलं. "आबा, तू काय म्हणतोस?"

आबा म्हणाले, "मला काय इचारतोस? हँडल कुणाच्या हातात हाय?"

मी ट्रेलरमध्ये चढून गाडीवर बसले. हातात वाकडं हँडल, चारी बाजूंनी आवळलेले दोर. किक मारली. पहिल्याच किकला.

दादानं हळू सोडली. आईनं म्हशीच्या गळ्यातलं दावं काढून घेतलं. मी वळून बघत होते. क्षणभर ती उभीच राहिली. डावीकडं कुणाची तरी मोठी गाडी गरजत होती, उजवीकडं दुसरी. मी ॲक्सिलरेटर पिळला. मधला ठोका चुकला. तिचे कान वळले, मग मान, मग अख्खी म्हैस.

ती सुटली ती सरळ. पायातले चाळ वाजत होते, मोरपिसं मागं लवली होती. दादानं वेग वाढवला. ट्रेलर माळाच्या खडकांवर उडत होता, पण गाडी त्याच्यासोबत उडत होती, वेगळी नाही. म्हैस ट्रेलरच्या चार हात मागं, नाक पुढं काढून. इंजिनाच्या आतून आता करकर यायला लागली होती. ती माझ्या मांड्यांना कळत होती. मी मनात म्हणत होते, अजून थोडं, रेघेपर्यंत, मग तुला उघडते, मग तुला सगळं नवं घालते.

पुढची चुन्याची रेघ ट्रेलरच्या चाकाखालून गेली. मग म्हशीच्या खुरांखालून. मी किल्लीकडं हात नेला, पण इंजिन त्याआधीच एक मोठा आवाज करून आपणच थांबलं. म्हैसही थांबली. तिला धाप लागली होती, मलाही.

रिवाजाप्रमाणे तात्या नारळ घेऊन आले. आले ते थेट पिकअपच्या दाराशी, आणि त्यांनी तो नारळ खिडकीतून दादाच्या मांडीवर ठेवला. "पावणं, चांगली चालवलासा."

दादानं नारळाकडं बघितलं. मग तो उतरला, मागं चालत आला आणि नारळ माझ्यासमोर धरला. "मला कशाला? मी नुस्तं ओढलं," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "बांधलीबी मीच म्हणा."

तात्या म्हणाले, "बरं, आबांच्या हातात द्या तो. फोडायचाय."

आमच्याकडं बाईनं नारळ फोडायचा नसतो. लहानपणी मी कारण विचारलं होतं, तेव्हा आजी म्हणाली होती, कारण नसतं, नसतो म्हंजे नसतो. मी ट्रेलरवरून खाली उतरले. पिकअप आणि ट्रेलर जोडणाऱ्या लोखंडी हुकासमोर वाकले आणि नारळ हुकावर आपटला. पहिल्यांदा नुसता तडा गेला. दुसऱ्यांदा दोन भकलं झाली आणि पाणी हुकावरून धुळीत सांडलं. आईनं पुढं होऊन एक भकल उचललं, पदरानं पुसलं आणि आबांना नेऊन दिलं. दुसरं मी दादाला दिलं, शिरोळच्या निरांजनासाठी.

जाताना तात्या म्हणाले, "फुडच्या वर्षी ट्रेलर चालायचा न्हाय, आत्ताच सांगून ठेवतो."

"लागायचा न्हाय," मी म्हटलं.

भाऊबीजेनंतर इंजिन उघडलं. नवा पिस्टन बसला, फोर्क सरळ झाला, आणि आवाज खरंच मऊ आला. म्हैस आता तो ऐकून मान वर करत नाही. गाडी अंगणात आली तरी रवंथ करत बसते, जशी ती चुलतभावाच्या गाडीसमोर बसली होती. मला त्याचं वाईट वाटतं. पण तिला चैत्रात रेडी झाली आहे. दर रविवारी मी आजऱ्याहून येते, अंगणात इंजिन पाच मिनिटं चालू ठेवते, आणि आबा वॉकर धरून त्या रेडीला गाडीच्या मागं आणून उभं करतात. गेल्या रविवारी ती वेशीपर्यंत पळत आली. मधे दोरी नव्हती.